ट्रोंडहाइमचा मोची आणि युटाचं तिकीट

२७ सप्टेंबर २०२५ला मॉर्मन चर्चचे अध्यक्ष रसेल नेल्सन वयाच्या १०१व्या वर्षी अमेरिकेत वारले. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मिशिगन राज्यातल्या ग्रँड ब्लँक इथल्या मॉर्मन प्रार्थनागृहावर भर प्रार्थनेच्या वेळी हल्ला झाला. या दोन बातम्या लागोपाठ आल्या आणि आपल्याकडे बऱ्याच जणांनी ‘मॉर्मन’ हे नाव पहिल्यांदाच नीट वाचलं. ज्यांनी ते आधी ऐकलं होतं त्यांचा प्रश्न ठरलेला: पुष्कळ बायका करणारे ते हेच ना?

त्या प्रश्नाकडे येऊच. पण नेल्सन यांच्याविषयीचा एक तपशील मला जास्त बोलका वाटतो. ते पेशाने हृदयशल्यविशारद. त्यांचे आठही पणजोबा-पणज्या युरोपात मॉर्मन झाले आणि तिथला गाशा गुंडाळून अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या युटा राज्यातल्या एफ्रेम नावाच्या गावी येऊन राहिले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वेतून हजारो कुटुंबं याच वाटेने गेली. त्यांत विणकर होते, खाणकामगार होते, शिंपी होते आणि मोची होते. आधी जहाज, मग नदी, मग कित्येक आठवडे पायपीट, आणि शेवटी खाऱ्या सरोवराकाठचा रखरखीत माळ.

हातावर पोट असलेल्या मोच्याने हे सगळं का करावं? आणि त्याच्या तिकिटाचे पैसे भरले कुणी?

## आधी ओळख करून घेऊ

न्यूयॉर्क राज्यातल्या जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या मुलाने १८३० साली ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ छापला. एका देवदूताने आपल्याला सोन्याचे पत्रे दाखवले आणि त्यांवरच्या मजकुराचं हे भाषांतर आहे, असा त्याचा दावा होता. ग्रंथात अमेरिकेतल्या प्राचीन लोकांची कथा आहे, आणि पुनरुत्थानानंतर ख्रिस्त त्यांनाही भेटला असं त्यात म्हटलं आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्मिथने चर्च स्थापन केलं. ‘मॉर्मन’ हे लोकांनी दिलेलं टोपणनाव. आपलं पूर्ण नाव वापरावं, असा चर्चचा २०१८पासून आग्रह आहे. ते नाव ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं मालगाडीएवढं लांब असल्यामुळे इथे जुनंच वापरतो.

हे लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. बाकीच्या बहुतेक ख्रिस्ती पंथांना ते मान्य नाही. चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. आपल्या विषयासाठी यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, गावपातळीवर यांच्यात पगारी धर्मगुरू नसतो. सुतार, दुकानदार, मोची, कुणीही स्थानिक शाखेचा प्रमुख होऊ शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे ‘झायन’: देवाच्या माणसांनी एकत्र येऊन वसवायचं शहर. त्या काळात मॉर्मन होणं म्हणजे आज ना उद्या झायनला जायला निघणं, असंच समजलं जाई.

हे झायन जागा बदलत राहिलं. शेजाऱ्यांशी खटके उडाले, मारामाऱ्या झाल्या आणि १८४४ साली इलिनॉय राज्यात जमावाने तुरुंगात घुसून स्मिथला ठार मारलं. ब्रिगम यंग या सुतारकाम करणाऱ्या पुढाऱ्याने उरलेल्यांना पश्चिमेला नेलं. २४ जुलै १८४७ला तो सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. युटात ही तारीख आजही सार्वजनिक सुट्टीची आहे.

## मोचीच का?

मोच्याचं काम बसून करायचं. हात गुंतलेले, तोंड आणि कान मोकळे. युरोपातल्या कार्यशाळांमध्ये एकाने वर्तमानपत्र किंवा पत्रक मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी टाके घालता घालता वाद घालायचा, हा रिवाजच होता. गिऱ्हाईक बूट घेऊन येई आणि गप्पांत अडके. त्यामुळे वाचणारा, वाद घालणारा आणि पाद्र्याला उलट प्रश्न विचारणारा कारागीर अशी मोच्याची ख्याती होती. जर्मनीतला गूढवादी याकोब ब्योम मोचीच होता. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स मोच्याच्या हाताखाली शिकला. आणि आपल्या ओळखीचा विल्यम केरी: इंग्लंडमध्ये जोडे शिवत शिवत भाषा शिकला, १७९३ साली बंगालमध्ये आला, १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश. तेव्हा मोच्याच्या दुकानातून धर्मप्रचारक निघावा, यात त्या काळच्या लोकांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

आता पैशाची बाजू. या धंद्यात शिरायला भांडवल थोडं लागे, म्हणून गर्दी फार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चामडं शिवणारी यंत्रं आली, तयार बूट घाऊक निघू लागले. बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्थहॅम्प्टनमध्ये कारागिरांनी या यंत्रांविरुद्ध संप केले. डेन्मार्कमध्ये कारागिरांना संरक्षण देणारी श्रेणींची, म्हणजे धंदेवार संघांची (गिल्ड), जुनी व्यवस्था १८६२ साली संपली. म्हणजे डोकं चालतंय, पण गल्ला भरत नाही, अशी बऱ्याच मोच्यांची गत.

अशा माणसाला कुणी येऊन सांगतो की तू चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचं कारण नाही, तूच प्रवचन कर. वर हेही सांगतो की समुद्रापलीकडे तुझ्या नावाने जमिनीचा तुकडा मिळेल. यातलं कोणतं आमिष मोठं, हे ठरवायच्या फंदात इतिहासकारही फारसे पडत नाहीत. दोन्ही एकाच पुडीत बांधून आलं होतं.

## परदेशी गेलेला आणि परत आलेला

सॅम्युएल मलिनर हा चामड्याच्या धंद्यातला स्कॉटिश माणूस, जोडे शिवणारा आणि कातडं कमावणारा. जन्म १८०९, हॅडिंग्टन गावचा. तो आधी कॅनडात गेला, तिथून अमेरिकेत, आणि या परदेशच्या मुक्कामातच मॉर्मन झाला. म्हणजे देश सोडला पोटासाठी, धर्म सापडला वाटेत.

१८३९च्या डिसेंबरात तो अलेक्झांडर राइट या दुसऱ्या स्थलांतरित स्कॉटबरोबर ग्लासगोला उतरला. स्कॉटलंडमधले हे पहिले मॉर्मन प्रचारक. त्यांना पगार नव्हता, पदरमोड करून आले होते. पण बोली तिथलीच, नातेवाईक तिथलेच, कोणत्या घराचं दार वाजवायचं ते ठाऊक. महिन्याभरातच, जानेवारी १८४०मध्ये, क्लाइड नदीत त्यांनी पहिला बाप्तिस्मा दिला. स्कॉटलंडच्या जानेवारीत नदीत उतरून डोक्यापर्यंत बुडवून काढायचं, हे हौसेने करण्याचं काम नव्हे.

मॉर्मन प्रसाराचं यंत्र असं चाले. अमेरिकेतून निघालेला अनोळखी गोरा साहेब नव्हे, तर तुमच्याच आळीतला, दहा वर्षांपूर्वी बाहेर गेलेला माणूस परत येऊन सांगायचा. १८५१च्या सुमारास ब्रिटनमध्ये तीस हजारांवर मॉर्मन होते. १८५०च्या जनगणनेत अख्ख्या युटाची लोकसंख्या साडेअकरा हजारही भरली नव्हती!

मलिनर पुढे सॉल्ट लेक सिटीत गेला आणि १८५०च्या सुमारास त्याने तिथे कातडं कमावण्याचं काम सुरू केलं. युटातल्या अगदी सुरुवातीच्या चर्मकारांत त्याचं नाव येतं.

## बुटात सरकवलेली पत्रकं

नॉर्वेची गोष्ट जरा वेगळी. तिथे १८४५च्या कायद्याने सरकारी चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथांना मोकळीक मिळाली होती, पण न्यायालयाने मॉर्मन लोकांना त्यात बसवलं नाही. प्रचारकांना दंड झाले, तुरुंगवास झाले. उघड सभा घेण्यात धोका होता. मग प्रचार कसा करायचा?

ट्रोंडहाइम शहरात ओलाउस योन्सन नावाचा मोची होता. १८८०च्या आसपास त्याच्याकडे आना विट्सो नावाची तरुण विधवा मुलाचे बूट दुरुस्तीला घेऊन आली. नवरा शाळामास्तर होता, १८७८ साली गेला. पदरात दोन मुलगे. बूट दुरुस्त होऊन घरी आले तेव्हा प्रत्येक बुटात एकेक पत्रक खोचलेलं होतं. पुढच्या खेपेला ती दुकानात गेली तेव्हा मोची म्हणाला की मुलाच्या बुटांच्या तळव्यांपेक्षा मोलाचं असं काही मी तुम्हाला देऊ शकतो. तिने विचारलं, तुम्ही मोची, तुम्ही काय देणार?

या प्रश्नात त्या समाजाची अख्खी उतरंड आहे. मास्तरीणबाईंना मोच्याने धर्म शिकवायचा! बाई शिकलेल्या होत्या आणि चिवटही. बायबल समोर ठेवून त्या बरेच महिने वाद घालत राहिल्या, आणि १ एप्रिल १८८१ला त्यांनी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, गारठलेल्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. १८८३ साली मुलांना घेऊन त्या युटातल्या लोगन गावी पोचल्या आणि शिवणकाम करून त्यांनी घर चालवलं.

ज्याच्या बुटांवरून हे सगळं घडलं तो मोठा मुलगा जॉन हार्वर्डला शिकला, जर्मनीत ग्योटिंगेनला डॉक्टरेट केली, कोरडवाहू शेतीचा जाणकार म्हणून नावाजला, युटा विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९२१ साली चर्चच्या सर्वोच्च बारा जणांच्या मंडळात गेला. वरची गोष्ट त्यानेच पुढे आईच्या आठवणींत लिहिली आहे. भक्तिभावाने लिहिलेली आहे हे लक्षात ठेवून वाचावी. तरी बुटात पत्रक खोचण्याची युक्ती मात्र पटते. पोलीस पाठीवर असलेल्या माणसाला गिऱ्हाइकाच्या घरात शिरायचा याहून सोपा रस्ता कोणता?

## तिकिटाचे पैसे

इथेच खरं घोडं पेंड खातं. १८५०च्या दशकात लिव्हरपूलहून सॉल्ट लेकपर्यंतचा प्रवास चर्चने माणशी दहा पौंडांत बसवला होता, आणि बायको व चार पोरं असलेल्या मोच्याला तेवढे साठवणं स्वप्नातही शक्य नव्हतं.

यावर चर्चने १८४९ साली उपाय काढला: पर्पेच्युअल इमिग्रेटिंग फंड, म्हणजे सतत फिरता राहणारा स्थलांतर निधी. भिशी डोळ्यांसमोर आणा. दहाजण पैसे घालतात, एकाची गरज भागते, मग तो भरत राहतो आणि पुढच्याचा नंबर लागतो. इथे युटात आधी पोचलेल्यांनी रोकड, धान्य, गुरं जे जमेल ते निधीत घातलं. त्यातून गरीब कुटुंबाला आणलं. निघण्यापूर्वी त्याने कर्जरोख्यावर सही करायची की पोचल्यावर कमावून हे सव्याज फेडीन, म्हणजे पुढचं कुटुंब येईल. फेड रोखीतच हवी असं नव्हतं. गहू चालत असे, गाय चालत असे, सार्वजनिक बांधकामावरची मजुरीही चालत असे.

भिशीपेक्षा यात एक मोठा फरक होता. भिशीत पैसे बुडवणाऱ्याला चाळीत तोंड दाखवायची चोरी होते. इथे पोचलेला माणूस आधी घर बांधणार, पोरांना खायला घालणार, आणि कर्ज मागे पडणार. तेच झालं. १८८० साली चर्चने पन्नास वर्षं पूर्ण झाल्याच्या निमित्ताने गरिबांचं कर्ज माफ केलं तेव्हा व्याजासह सोळा लाख डॉलरच्या आसपास थकलेले होते, आणि त्यातले निम्मे सोडून दिले. बँकेच्या नजरेने पाहिलं तर निधी डबघाईला आलेला. पण सुमारे तीस हजार माणसं त्याने समुद्र आणि अर्धं खंड ओलांडून आणली. ज्या कामासाठी काढला ते काम त्याने केलं, असं माझं मत.

जहाजावरची शिस्तही नाव घेण्यासारखी होती. प्रवाशांचे गट, प्रत्येकावर प्रमुख, स्वयंपाकाच्या पाळ्या, झाडलोट, प्रार्थना. १८६३ साली चार्ल्स डिकन्स लंडनच्या गोदीत ‘ॲमेझॉन’ या जहाजावर गेला तो या लोकांविरुद्ध लिहायच्या तयारीने, आणि उतरला तो त्यांच्या टापटिपीचं कौतुक करत.

## हातगाड्यांचं प्रकरण

काटकसर कधी जिवावर उठते, तेही बघायला हवं. १८५६ साली खर्च आणखी कमी करायचा म्हणून बैलगाड्यांऐवजी हातगाड्या काढल्या. आयोवा सिटीपर्यंत रेल्वे, पुढचे जवळजवळ २,१०० किलोमीटर माणसाने गाडी ओढत चालायचं. माणशी सामान १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. त्यातच कपडे, अंथरूण आणि भांडी.

एकूण दहा तांडे असे गेले आणि त्यांतले आठ बऱ्यापैकी सुखरूप पोचले. दोन मात्र उशिरा निघाले. गाड्या वेळेवर तयार नव्हत्या, ज्या घाईने केल्या त्यांचं लाकूड ओलं. ऑगस्टच्या मध्यावर, आता पुढे जाऊ नका, असं एका अनुभवी माणसाने सांगितलं होतं, पण बाकीच्यांचा उत्साह जिंकला. ऑक्टोबरात वायोमिंगच्या पठारावर बर्फाने गाठलं. या दोन तांड्यांतली दोनशेहून अधिक माणसं गेली. नेली प्युसेल ही इंग्लंडहून आलेली पोर त्यातून वाचली, पण गारठून गेलेले तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. ती पुढे सीडर सिटीत राहिली, संसार केला, मुलं वाढवली आणि आयुष्यभर गुडघ्यांवर चालली.

या लोकांच्या श्रद्धेचे गोडवे खूप गायले जातात. मला वाटतं, नियोजन करणाऱ्यांचा हिशेबही तितक्याच मोठ्या आवाजात विचारायला हवा. १८६९ साली रेल्वे आली आणि ही पायपीट संपली.

## हे पोटासाठीचं धर्मांतरच झालं की!

आपल्याकडे हा आक्षेप पहिला येतो, म्हणून सरळ उत्तर देतो. इंग्लंडमधले पहिले बाप्तिस्मे १८३७ साली प्रेस्टनला झाले. तेव्हा निधी नव्हता आणि युटाही नव्हतं. मॉर्मन झालं की गिऱ्हाइकं तुटत, घरचे बोलणं टाकत. निधीचा पैसा देणगी नव्हता, कर्ज होतं, आणि नंबर लागेपर्यंत वर्षं जात. कित्येकांचा लागलाच नाही. नुसतं पोट भरायचं असतं तर न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरून गर्दीत नाहीसं होणं कितीतरी सोपं होतं, आणि काहींनी ते केलंही. उरलेल्यांना विश्वास होता. चांगल्या दिवसांची आशाही होती, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे?

## आणि बायकांची भानगड?

१८५२ साली चर्चने बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केलं. बातमी युरोपात पोचली तेव्हा अनेकांनी चर्च सोडलं, प्रचारकांवर दगड पडले. युटाला पोरींची निर्यात होते असं वर्तमानपत्रं रंगवून लिहीत. जहाजांवर प्रत्यक्षात कुटुंबंच्या कुटुंबं होती, आणि युटातही बहुसंख्य घरांत एकच बायको होती. हातावर पोट असलेल्याला एकीचं करतानाच नाकी नऊ. याचा अर्थ प्रथा निरुपद्रवी होती असा नाही. अनेक बायकांच्या वाट्याला त्यातून हालच आले. अमेरिकी सरकारने कायद्याचा फास आवळला आणि १८९० साली चर्चने नवी बहुपत्नी लग्नं थांबवल्याचं जाहीर केलं. आज अशी लग्नं करणारे वेगळे फुटलेले छोटे गट आहेत. मूळ चर्च त्यांना आपलं मानत नाही.

## पोचल्यावर

सॉल्ट लेक सिटीची आखणी करतानाच कारागिरांचा विचार झाला होता. गावात सव्वा एकराचा प्लॉट, त्यात घर आणि परसबाग. गावाबाहेरच्या मोठ्या शेतात गावाला लागून पाच-पाच एकरांचे तुकडे कारागिरांसाठी राखलेले, शेतकऱ्यांचे मोठे तुकडे त्यापलीकडे. प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. जमिनीची किंमत नाही, फक्त मोजणीचा आणि नोंदीचा खर्च. युरोपात भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्या मोच्याला हे काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

धंदा मात्र अवघड. नाणं जवळपास नव्हतंच. गिऱ्हाईक बुटांच्या बदल्यात गहू किंवा बटाटे देई. चर्चचा दहावा हिस्साही वस्तूंत भरता येई. शेतकरी धान्य भरे, मोची बुटांचे जोड. ही कोठारं गावाची बाजारपेठ आणि बँक दोन्ही होऊन बसली.

ज्या रेल्वेने पायपीट वाचवली तिनेच मोच्याच्या पोटावर पाय आणला. पूर्वेकडच्या कारखान्यांचे स्वस्त बूट गाडीने येऊ लागले. उत्तर म्हणून चर्चने सहकाराला जोर दिला. ब्रिगम सिटीत सहकारी तत्त्वावर कातडं कमावण्यापासून जोडे शिवण्यापर्यंत सगळं उभं राहिलं, आणि १८६८ साली स्थापन झालेल्या ‘झायन्स कोऑपरेटिव्ह मर्कंटाइल इन्स्टिट्यूशन’ या मोठ्या व्यापारी संस्थेने बुटांचा कारखाना काढला. स्वतःचं दुकान असलेला मोची तिथे कामगार झाला. इंग्लंडमध्ये ज्या यंत्राला कंटाळून निघाला होता, ते वीस-तीस वर्षांनी वाळवंटात येऊन भेटलं.

## ती जमीन रिकामी होती का?

नव्हती. तिथे यूट, शोशोनी, गोशूट हे अमेरिकेतले मूळनिवासी लोक राहत होते. पाणी, गवत, शिकार वसाहतींनी व्यापली आणि उपासमार सुरू झाली. आना विट्सो ज्या लोगनमध्ये राहायला गेल्या ते कॅश खोऱ्यात आहे. त्याच्या उत्तरेला बेअर नदीकाठी २९ जानेवारी १८६३ला अमेरिकी सैन्याने शोशोनींच्या हिवाळी तळावर हल्ला करून शेकडो माणसं मारली. त्यांत बाया आणि पोरंही होती. नॉर्वेच्या विधवेला ते ठाऊक असायचं कारण नाही. पण ‘फुकट’ मिळालेल्या सव्वा एकराची किंमत कुणीतरी भरली होती.

## पुणे, आणि आता

युरोपासारखंच हे आवतण पुण्यातही आलं होतं. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुण्यात त्याने छोटी शाखाही उभी केली. ऐकणारे मुख्यतः लष्करातले गोरे आणि त्यांच्या आसपासचे लोक. छावणीच्या अधिकाऱ्यांनी अडथळे आणले आणि काही वर्षांत प्रचारक परतले. इथे मलिनरसारखा आळीतला माणूस नव्हता, बूट घेऊन दारात येणारं गिऱ्हाईक नव्हतं, आणि जवळच्या बंदरावर चर्चने भाड्याने घेतलेलं जहाजही नव्हतं.

१८८७ साली अमेरिकी संसदेच्या कायद्याने तो स्थलांतर निधीच बरखास्त केला. विसाव्या शतकात चर्चने सूर बदलला: युटाला येऊ नका, आहात तिथेच राहा आणि तिथेच चर्च वाढवा. आज एक कोटी सत्तर लाखांहून अधिक सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त अमेरिकेबाहेर आहेत. बेंगळुरूमध्ये भारतातलं पहिलं मॉर्मन मंदिर बांधण्याची घोषणा २०१८ साली झाली. २००१ साली चर्चने जुन्या निधीच्या नमुन्यावर पर्पेच्युअल एज्युकेशन फंड काढला. त्यातून गरीब देशांतल्या तरुण सदस्यांना शिक्षणासाठी कर्ज मिळतं, आणि ते फेडायचं ते पुढच्याचा नंबर लागावा म्हणून.